दंडाची वसुली कोणत्या दारी?

तंबाखू मळून ज्याने आपल्याच हाताने आपला जबडा गमावला, त्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च निर्व्यसनी करदात्याने का सोसावा, हा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकीत वारंवार निघतो. आणि वरकरणी तो इतका न्याय्य भासतो की ज्या मुलखात तो विचारला जातो त्याची स्थिती पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे २७ टक्के लोक तंबाखूचे सेवन करीत होते, आणि त्यांतील बहुतेकांची तंबाखू ओढण्याची नसून तोंडात धरण्याची होती. आजीच्या डबीतली मिश्री जिच्या बोटाला बालपणीच लागली, किंवा उसाच्या फडात भूक मारण्यासाठी ज्याने चंची जवळ केली, त्यांच्या अपराधाचे माप कोणता न्यायाधीश बिनचूक ठरवील?

ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच मांडले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या व पुढे महात्मा फुले यांचे नाव लाभलेल्या जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचारही येतात. तेथे रोग्याची शिधापत्रिका तपासतात, व्यसन नव्हे. हे केवळ दयेपोटी योग्य आहे असे नाही. गालाच्या आतील पांढरा चट्टा, किंवा हळूहळू पुरते उघडेनासे होणारे तोंड, या खुणा कर्करोगाच्या पुष्कळ आधी नुसत्या डोळ्यांना दिसू शकतात; परंतु व्यसन कबूल केल्यास खर्च आपल्याच माथी बसणार हे ज्याला ठाऊक आहे, तो तोंड उघडून दाखवायला येईलच कशाला?

बरे, निव्वळ जमाखर्चच पाहायचा म्हटला तर तोही फसवा आहे. फिलिप मॉरिस कंपनीने करवून घेतलेल्या एका अहवालात, धूम्रपान करणारे लवकर मरत असल्याने चेक सरकारचा पैसा वाचतो, असा हिशेब २००१ साली मांडला गेला, आणि बोभाटा झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली!

उत्तरदायित्व मला नाकारावयाचे नाही. ते रुग्णालयाच्या दारी न वसूल करता विक्रीच्या वेळी, कररूपाने वसूल करावे, एवढेच माझे म्हणणे आहे. पण तेथेही आपला कारभार कसा, तर २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिगारेटीवर उपकर बसला आणि विडी त्यातून सुटली. गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे चोरून विकल्या जाणाऱ्या पुडीचा एक छदामही खजिन्यात येत नाही, आणि ती खाणाऱ्याच्या उपचारांचे देयक मात्र त्याच खजिन्याकडे येते.