पावसाच्या फाइलीत तारीखच नाही!

अख्ख्या भारतात वर्षभर पडलेला पाऊस किती जागा खातो? जेमतेम 25 एमबी. मोबाइलवरचा लग्नाचा व्हिडिओ याहून जड भरतो. हवामान खात्याचं पुणे कार्यालय देशाचा 1901 पासूनचा रोजचा पाऊस पाव-पाव अंशावरच्या बिंदूंवर मांडून देतं. पश्चिमेकडून पूर्वेकडे 135 बिंदू, दक्षिणेकडून उत्तरेकडे 129, म्हणजे दिवसाला 17,415 आकडे आणि प्रत्येकाला 4 बाइट. बायनरी फाइलीत दुसरं काही नसतंच. ना तारीख, ना अक्षांश-रेखांश, ना ‘मिलिमीटर’ हा शब्द. दिवस ओळखायचा तो रांगेतल्या नंबरावरून. फाइल 2,54,25,900 बाइट भरली तर साधं वर्ष, 2,54,95,560 भरली तर लीप वर्ष! त्यातही निम्म्याहून जास्त आकडे समुद्राचे नाहीतर सीमेपलीकडचे, म्हणजे रिकामेच.

हाच पाऊस नेटसीडीएफ फाइलीतही मिळतो. ती बोलकी असते: एकक, अक्षांश, रेखांश सगळं सोबत घेऊन फिरते. तारीख मात्र तिथेही सरळ नसते; ‘अमुक दिवसापासून इतके दिवस’ असा हिशेब असतो.

आता खरी गंमत. 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे शाळकरी पोरही सांगेल. पण खात्याच्या नोंदीत हा आकडा 27 जुलैच्या नावावर आहे. कारण खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मोजणी ज्या सकाळी होते तीच तारीख लागते. ही नोंद मध्यरात्री दिवस बदलणाऱ्या पुराच्या मॉडेलला तशीच भरवली, तर नदीला पूर आधी येतो आणि पाऊस दुसऱ्या दिवशी पडतो. मॉडेल बिचारं निमूटपणे तसंच गणित करतं.

तासाच्या नोंदीतही हाच घोळ. ‘दहा वाजता पाणीपातळी’ म्हणजे ठोक्याला दहाची. ‘दहा वाजताचा पाऊस’ म्हणजे सहसा नऊ ते दहा या तासात साचलेला. म्हणून आकड्यासोबत तो क्षणाचा, सरासरीचा की साचलेला, हेही साठवावं लागतं. माझ्या मते सगळ्यात जास्त डोकेदुखी याच एका रकान्याने वाचते, आणि रिकामा राहतो तोही नेमका हाच.

डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेच्या ‘माइक’ या पाण्याची मॉडेलं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने फाइलींची नावं झकास ठेवली आहेत. डीएफएस0 म्हणजे एका ठिकाणची मालिका, डीएफएस1 रेषेवरची, डीएफएस2 पसरट जाळीची, डीएफएस3 खोलीसकट. शेवटचा आकडा म्हणजे मिती! कृष्णा-भीमा खोऱ्यांतल्या पूर-अंदाजासाठी महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने याच संस्थेची यंत्रणा उभारून घेतली.

अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांचं जलविज्ञान केंद्र कॅलिफोर्नियात डेव्हिसला आहे. नोंदी साठवायचं त्यांचं सॉफ्टवेअर, डीएसएस, 1979 पासूनचं. त्यात प्रत्येक मालिकेला सहा भागांचा पत्ता: खोरं, ठिकाण, राशी, तारीख, कालांतर आणि आवृत्ती. तासाची नोंद महिन्या-महिन्याच्या गठ्ठ्यात, रोजची वर्षाच्या. मध्यरात्रीचे शून्य वाजत नाहीत, आदल्या दिवसाचे 24 वाजतात. दिवस क्रमांक 1 म्हणजे 1 जानेवारी 1900. एक्सेलचाही पहिला दिवस तोच, पण एक्सेल 29 फेब्रुवारी 1900 हा कधी न उगवलेला दिवसही मोजतं. त्यामुळे त्या वर्षीच्या 1 मार्चपासून दोघांच्या क्रमांकात कायमचा एकाचा फरक.

आणि नोंदच नसेल तर? शून्य लिहून चालत नाही. शून्य म्हणजे कोरडा दिवस. मग अशक्य आकडा लिहितात: खात्याच्या फाइलीत उणे 999, जुन्या डीएसएसमध्ये उणे 901. हे सॉफ्टवेअरला सांगायचं राहिलं की बघा मजा. जुलैचे 30 दिवस रोज 10 मिलिमीटर पाऊस आणि एक दिवस पर्जन्यमापक बंद म्हणून उणे 999, तर महिन्याची रोजची सरासरी येते उणे साडेबावीस मिलिमीटर. म्हणजे ऐन पावसाळ्यात आभाळाने दिलेलं परत घेतलं, वर व्याजही लावलं!