हलकी रायफल, जड हिशेब

माझा भाचा न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला असतो. त्याला रायफल घ्यायची होती आणि सल्ल्यासाठी त्याने फोन लावला बोदवडला. घरात सगळ्यांना हसू आलं. आमच्या तालुक्यात परवान्याची बंदूक म्हणजे एखाद्या जुन्या मळेवाल्याची बारा बोअरची दुनाळी, आणि तीही निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. पण भाच्याचा हिशेब सरळ होता. त्याचा मामा उमेदीची सगळी वर्षं सकाळची गाडी पकडून वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरीत गेला आणि काडतुसं तपासत निवृत्त झाला. तिथलं आतलं मी कुणाला सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही. पण गोळी कशी चालते हे कुठल्याही पुस्तकात छापलेलं असतं. तेवढ्यावरही पुष्कळ बोलता येतं.

त्याचं म्हणणं असं : "मामा, मला डोंगरात थारच्या मागे जायचंय. रायफल हलकी हवी आणि अचूकही हवी. दुकानवाला म्हणतो दोन्ही मिळेल."

मी म्हटलं, "दुकानवाला म्हणेलच. त्याले कुठे डोंगर चढायचा आहे?"

थार म्हणजे हिमालयातला रानबोकड, मानेभोवती आयाळ असलेला. आपल्याकडे तो संरक्षित आहे. न्यूझीलंडमध्ये 1904 साली माउंट कुकच्या परिसरात काही थार सोडले गेले, तेही शिकारीची हौस म्हणून. त्या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही, त्यामुळे थारला खाणारं कुणीच नव्हतं. तो वाढला आणि डोंगरावरचं गवत, झुडपं ओरबाडू लागला. 1993 च्या सरकारी आराखड्यात त्याची संख्या दहा हजारांच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरलं. आजही तिथलं संवर्धन खातं हेलिकॉप्टरमधून थार मारतं, आणि परवानाधारक शिकाऱ्यांना मोकळीक असते. एकच जनावर एका देशात राखायचं आणि दुसऱ्या देशात कमी करायचं, हे भाच्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, अजून पटलेलं नाही. तो वाद त्या मायलेकांचा. मी रायफलीपुरतं बोललो.

शिकार आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली. त्याआधी खानदेशात ती भरपूर होती. 1825 मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स आउट्रमने इथल्या डोंगरांत दीडशेहून अधिक वाघ मारल्याची नोंद त्याच्या चरित्रांत सापडते. जामनेरवरून फर्दापूरला उतरलं की अजिंठा लागतं. तिथली लेणी 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला दिसली, तीही वाघाच्या मागावर असताना. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने स्वतःचं नाव कोरून ठेवलंय. त्या लोकांकडे ठासणीच्या बंदुका होत्या. एक बार गेला की पुन्हा भरेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. वजनाची चिंता त्यांना नव्हती, कारण बंदूक वाहायला गडी असत. हलक्या रायफलीचा विचार सुरू होतो तो माणूस आपलं ओझं आपणच वाहू लागतो तेव्हा.

आता वजन. साधी शिकारी रायफल रिकामी असताना तीन-साडेतीन किलो भरते. त्यावर दुर्बीण, पट्टा आणि काडतुसं चढली की चार किलोंच्या पुढे जाते. डोंगरी म्हणून विकल्या जाणाऱ्या रायफली याहून बऱ्याच हलक्या असतात. अमेरिकेतल्या किंबर कंपनीची माउंटन असेंट सव्वादोन किलोंच्या आत बसते. फिनलंडची टिक्का टी-3-एक्स लाइट तीन किलोंच्या आत. वजन काढतात कुठून? नळी बारीक आणि आखूड करून, किंवा पोलादाची नळी आणखी बारीक करून तिच्यावर कार्बनचे धागे गुंडाळून. दस्ता लाकडाऐवजी कार्बन फायबरचा करून. बोल्टला पन्हाळी पाडून. जास्त पैसे मोजले तर पोलादाच्या जागी टायटॅनियम घालून. यातला दस्त्याचा बदल मला मनापासून पटतो. लाकूड ओलसर हवेत फुगतं, उन्हात आकसतं, नळीला कुठेतरी टेकतं आणि निशाणा सरकतो. कृत्रिम दस्त्याला पावसाचं सोयरसुतक नसतं.

बाकीच्या प्रत्येक कपातीची किंमत मात्र वेगळी चुकवावी लागते. पहिली किंमत खांद्याला. गोळी आणि जळालेल्या दारूचा वायू जितक्या जोराने पुढे जातो, तितक्याच जोराने रायफल मागे येते. काडतूस तेच ठेवून रायफलीचं वजन दोनतृतीयांश केलं, म्हणजे समजा 4.2 किलोवरून 2.8 किलोवर आणलं, तर धक्क्याची ऊर्जा दीडपट होते. यात कंपनीची कारागिरी काही करू शकत नाही, न्यूटन आड येतो. दुखण्याचं मला एवढं वाटत नाही, खांदा निळा पडतो आणि बराही होतो. वाईट काय, तर दोन-चार बारांनंतर माणसाचं शरीर धक्क्याची वाट पाहू लागतं. घोडा ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आखडतो, बोट झटका देतं. ही सवय एकदा लागली की महिनोन् महिने जात नाही. हलक्या रायफलीने झालेल्या बऱ्याचशा चुका मी या दचक्याच्या खात्यावर लिहीन, नळीच्या नाही.

दुसरी किंमत स्थिरतेची. ऑलिंपिकचे नेमबाज जड रायफल का वापरतात, ते पाहा. आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, याने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात रायफल आठ किलोंपर्यंत चालते. जड वस्तू सहजी हलत नाही. नाडीचा ठोका, श्वास, हाताचा थरथराट हे सगळं ती पोटात घालते. दोन-अडीच किलोंची रायफल यातलं प्रत्येक हलणं नळीच्या टोकापर्यंत नेते, आणि डोंगर चढून धापा टाकणारा माणूस सगळ्यात जास्त हलत असतो.

तिसरी किंमत बारीक नळीची. ती लवकर तापते, आणि तापली की तिसरी-चौथी गोळी भलतीकडे जायला लागते. इथे मात्र मी भाच्याला सांगितलं, घाबरू नको. दुकानात आणि मैदानावर लोक तीन किंवा पाच गोळ्यांचा पुंजका दाखवून रायफल विकतात. डोंगरातल्या शिकाऱ्याला पुंजक्याचा काय उपयोग? त्याला पहिली गोळी हवी असते, पहाटेच्या थंडीत गार पडलेल्या नळीतून सुटलेली. म्हणून कसोटीही तशीच घ्यावी. एक कागद जपून ठेवायचा, रोज सकाळी गार नळीतून त्यावर एकच गोळी झाडायची आणि परत यायचं. आठवडाभरात त्या कागदावर जे दिसेल तो त्या रायफलीचा खरा दाखला. मैदानावर एका बैठकीत पन्नास गोळ्या झाडणाऱ्यापेक्षा हा माणूस रायफलीबद्दल जास्त जाणतो.

अचूकतेचं माप मिनिटात सांगतात. एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट. शंभर मीटरवर ते 2.9 सेंटिमीटर होतं, तीनशे मीटरवर 9 सेंटिमीटरच्या जरा आत. थारच्या काळीज-फुफ्फुसांची जागा साधारण वीतभर असते. म्हणजे दीड मिनिटाची रायफलसुद्धा तीनशे मीटरपर्यंत पुरते. अर्ध्या मिनिटाच्या हमीसाठी दुप्पट पैसे मोजणारे लोक आहेत. ते पैसे काडतुसांवर खर्चून सराव केला असता तर जास्त फळले असते.

काडतुसाचा विषय निघाला की मला आवरावं लागतं. लोक रायफलीला अचूक म्हणतात, पण रायफलीला जे मिळतं तेच ती फेकते. पितळी केस सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताची. एका छोट्या वाटीपासून ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात, मधे मधे तापवून नरम करतात, नाहीतर फाटते. कॅप सारखी बसली पाहिजे, दारूचं वजन सारखं पाहिजे, बुलेट सरळ बसली पाहिजे. यात थोडा फरक पडला की वेगात फरक पडतो, आणि लांबवर गेल्यावर तो फरक उंचीत दिसतो. म्हणून मी त्याला बजावलं : तीन-चार कंपन्यांची काडतुसं थोडी थोडी घे, तुझ्या नळीला कोणतं मानवतं ते पाहा, मग त्याच लॉटची पेटी भरून घे. एकाच नमुन्याच्या दोन रायफलींनाही वेगळी काडतुसं आवडतात. काडतुसाच्या धंद्यातल्या कुणालाही याचं नवल वाटत नाही.

कोणतं काडतूस हा प्रश्न शेवटी आलाच. भाच्याच्या मित्रमंडळींत कुणी .308, कुणी 6.5 क्रीडमूर, कुणी 7 एमएम रेमिंग्टन मॅग्नमवर अडून बसलेले. मॅग्नम मी पहिल्या वाक्यातच बाद केलं. हलकी रायफल आणि मॅग्नम ही जोडी खांद्याशी वैर आहे. .308 हे 1952 पासून चालत आलेलं भरवशाचं काडतूस, पण अडीच किलोंच्या रायफलीत तेही लाथ मारतं. 6.5 क्रीडमूर 2007 मध्ये आलं. त्याचा धक्का सौम्य आणि लांबवरची चाल चांगली. माझं मत मात्र 7 एमएम-08 ला. रेमिंग्टनने 1980 मध्ये .308 च्याच केसचं तोंड आवळून ते बाजारात आणलं. त्याची करामत जवळपास जुन्या 7 गुणिले 57 माउझरइतकीच आहे, आणि ते माउझर आपल्याकडे दुसऱ्या नावाने प्रसिद्ध आहे. 1907 मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने जिम कॉर्बेटला जी रायफल भेट दिली, ती याच काडतुसाची .275 रिग्बी. कुमाऊंचे डोंगर पायी तुडवणाऱ्या माणसाच्या खांद्यावर ती हलकी रायफल वर्षानुवर्षं होती. आजचे जाहिरातदार कार्बन आणि टायटॅनियमची भाषा करतात. कॉर्बेटकडे लाकूड आणि पोलाद होतं, आणि झाड-दगडाचा आधार घेतल्याशिवाय बार न टाकण्याचा संयम होता.

डोंगराचा आणखी एक डाव आहे, तो रायफल घेतानाच समजून घ्यावा. गुरुत्वाकर्षण गोळीला खाली ओढतं ते सपाटीवरच्या अंतराच्या हिशेबाने. तीस अंशांच्या चढावर किंवा उतारावर थार तीनशे मीटरवर असेल, तर गोळीचा हिशेब धरायचा दोनशे साठ मीटरचा. दुर्बिणीवर तीनशेचा आकडा लावला तर गोळी पाठीवरून जाते, आणि वर मारा किंवा खाली मारा, चूक वरच्याच बाजूला होते. हल्ली अंतर मोजायच्या यंत्रात हा कोन धरलेला असतो. चारशे ग्रॅमच्या आसपासची साधी दुर्बीण आणि असं मोजयंत्र घेतलं तर पाऊण किलोंच्या अवाढव्य दुर्बिणीची गरज उरत नाही. वजन तिथे वाचवावं. पट्टा मात्र रुंद घ्यावा, त्यात कंजूषपणा नको.

आवाजरोधकाचं त्याने विचारलं. न्यूझीलंडमध्ये तो कायदेशीर आहे. त्याने कान वाचतात, धक्काही कमी होतो, आणि माझ्या मते दोन-तीनशे ग्रॅम वाढले तरी तो लावावा. नळीच्या तोंडाला नुसता ब्रेक लावला तर धक्का कमी होतो, पण आवाज कानठळ्या बसवतो. शेजारी उभा असलेला मित्र पुन्हा सोबत येत नाही.

माझा निकाल मी त्याला फोनवरच देऊन टाकला : तीन किलोंच्या आतली साधी टिक्का, 7 एमएम-08, हलकी दुर्बीण, सगळं मिळून साडेतीन किलोंच्या आसपास. सव्वादोन किलोंची रायफल घेऊ नकोस. वाचलेले सातशे ग्रॅम तू आधी स्वतःच्या पोटावरून कमी कर, ते फुकट आहे. हे ऐकून तो गप्प झाला. बहीण मात्र खूश झाली.

परदेशात असलेल्या आणखी कुणा मराठी मुलाला हा नाद लागला असेल तर त्याने क्रम पाळावा. आधी तिथल्या पोलिसांचा परवाना, सुरक्षेचा वर्ग आणि कुलूपबंद कपाट. मग कुणा जाणत्याची रायफल मागून मैदानावर सराव. खरेदी त्यानंतर. घेतलेली रायफल तिथल्या सरकारी नोंदवहीत चढवावी लागते, न्यूझीलंडमध्ये ही वही जून 2023 पासून सुरू झालीय. आणि सुट्टीत ती मामाला दाखवायला इकडे आणायचा विचार मनातही आणू नये. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि रोही-रानडुकरांनी मका आडवा केला तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय शेतकऱ्याला बार काढता येत नाही.