मोटारसायकलची साखळी (कच्च्या रस्त्यांसाठी)
इंजिनाची शक्ती मागील चाकाकडे नेणारी साखळी, अर्थात चेन, ही रोलर प्रकारची असते. या प्रकाराचे एकस्व हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये घेतले. कच्च्या रस्त्यावरील गाडीसाठी साखळी निवडताना बळकटीइतकाच मातीचाही विचार करावा लागतो. अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीच्या परिसरासारख्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात धूळ, तर पावसाळ्यात चिकट चिखल असतो. ही माती वंगणात मिसळली की पिना आणि बुश कानशीने घासल्यासारखे झिजतात व साखळीची लांबी वाढते. वाहनचालक 'चेन ढिली झाली' म्हणतात, ते बहुधा यामुळेच.

ओ-रिंग साखळीत रबरी कड्या पिनांभोवतीचे ग्रीस आत राखतात आणि माती बाहेर ठेवतात. ती महाग व फिरण्यास किंचित जड असते. त्यामुळे शर्यतीच्या हलक्या गाड्यांना अनेकदा साधी साखळी लावतात. साध्या साखळीला मात्र वारंवार तेल द्यावे लागते. रोजच्या वापरास ओ-रिंगच सोयीची. ती पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने साफ केल्यास रबर खराब होते.

माप गाडीच्या दातेरी चक्रांशी जुळलेच पाहिजे. '५२०' या क्रमांकातील ५ हा अंक लगतच्या दोन पिनांमधील ५/८ इंच (१५.८७५ मिमी) अंतर दर्शवितो, तर २० हा आकडा पाव इंच आतील रुंदी. झिजलेल्या चक्रांवर चढविलेली नवी साखळी लवकर खराब होते. म्हणून दोन्ही चक्रे साखळीसोबतच बदलतात.