मांडणीवरचे पेले

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून येऊन आम्ही झोपलो होतो. पहाटे चारच्या सुमाराला मांडणीवरचे स्टीलचे पेले खणखणले आणि आईने मला दंडाला धरून अंगणात ओढलं. तो किल्लारीचा भूकंप होता; किल्लारीपासून आमचं गाव लांब, म्हणून वाचलो. त्या दिवशी काय खाल्लं, काही आठवत नाही. पण आजही रस्त्याने ट्रक गेला आणि भांडी वाजली, की माझे पाय दाराकडे वळतात.

असं का होतं? कानशिलाच्या आत खोलवर अमिग्डाला हा मेंदूचा बदामाएवढा भाग असतो. भीतीने अ‍ॅड्रिनलिन उसळलं, की तो शेजारच्या हिप्पोकॅम्पसला प्रसंग पक्का नोंदवायला लावतो. भोवतालचं बरंचसं निसटतं, पेल्यांचा आवाज राहतो.

ही नोंद दगडावरची रेघ मात्र नाही. २००० साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादर आणि जोसेफ लडू यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं, की जागी झालेली आठवण काही तास मऊ पडते, मेंदू ती नव्याने साठवतो. माणसांतही, तज्ज्ञाच्या सोबतीने आठवणीला पुन्हापुन्हा सामोरं गेलं, की भीतीची धार उतरू शकते.

घरात कुणी अजून दचकून उठत असेल, तर ‘विसर आता’ म्हणू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा.