दगडी कॉलेजला नवे काम

पुण्यात येरवड्याच्या बाजूला, नदीपलीकडच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजची करड्या दगडाची गॉथिक इमारत आहे. तिचा पाया १८६४ साली घातला गेला. आराखडा लष्करी अभियंता कॅप्टन विल्किन्स यांचा आणि पैशाचा मोठा आधार जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीचा. मुळात ही संस्था १८२१ साली विश्रामबाग वाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा. पुढे तिचे पूना कॉलेज झाले आणि नंतर डेक्कन कॉलेज. टिळक आणि आगरकर इथेच शिकले. टिळकांची खोली आजही जपलेली आहे.

१९३४ साली सरकारने हे कॉलेज बंद केले. दगड पक्के होते, पण आत शिकायला कोणी उरले नव्हते. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. देणगी शिक्षणासाठी दिलेली आहे, ती वाऱ्यावर सोडता येणार नाही, असे म्हणत ते कोर्टात गेले. अखेर तोडगा निघाला आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज पुन्हा उघडले. मात्र आता तिथे बी.ए.चे वर्ग नव्हते. भाषाशास्त्र, पुरातत्त्व, समाजशास्त्र अशा विषयांची पदव्युत्तर संशोधन संस्था उभी राहिली. ह. धी. सांकलिया, इरावती कर्वे ही मंडळी याच काळात आली. सातारच्या पारसनीसांचा ऐतिहासिक संग्रहही इथे दाखल झाला.

वास्तूच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. वर्गाला बाके, फळा आणि उजेड पुरतो. संशोधनाच्या गरजा वेगळ्या. उत्खननातली खापरे आणि हाडे धुऊन, क्रमांक घालून वर्षानुवर्षे ठेवायची असतात. ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेला शांतता हवी, हस्तलिखितांना कोरडी हवा. आणि कागद साठत जातो. प्रा. कत्रे यांनी १९४८ साली सुरू केलेल्या संस्कृत महाकोशाचेच पाहा. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार झाल्या. एकेका चिठ्ठीवर शब्द, त्याचे वाक्य आणि ग्रंथातला संदर्भ. कोशाचा पहिला भाग छापून यायला १९७६ साल उजाडले. एवढ्या कागदाला वाळवी आणि ओल लागू न देणे हेही संशोधनाचेच काम.

म्हणूनच अशा जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत पहिला शत्रू पाणी. चुन्यात बांधलेली दगडी भिंत ओल शोषते आणि चुन्याच्या दरजांमधून बाहेरही सोडते. या दरजा सिमेंटने भरल्या की भिंतीचे तोंड बंद होते. ओल आतच अडकते, लोणा फुटतो, गिलावा सुटतो. दोन पावसाळ्यांत भिंत पुन्हा रंगवावी लागते आणि दोष मात्र दगडाला दिला जातो. खरा उपाय जुनाच आहे: सिमेंट खरवडून काढायचे, दरजा चुन्यानेच भरायच्या आणि त्याआधी छपराच्या पन्हळी साफ करायच्या. विजेच्या तारा भिंत फोडून न नेता दिसतील अशाच नेल्या, तर पुढच्या पिढीला त्या बदलता येतात. कपाटांचे वजन जुन्या लाकडी तुळयांना पेलेल का, हे अभियंत्याकडून तपासून घ्यायचे. पेलणार नसेल तर जड साठा तळमजल्यावर आणायचा.

महाराष्ट्रात अनेक महाविद्यालयांच्या दगडी इमारती आज याच वळणावर आहेत. प्रयोगशाळा नव्या इमारतींत गेल्या, जुने सभागृह रिकामे पडले. मग रंगरंगोटी होते, कोनशिला बसते आणि दाराला कुलूप लागते. डेक्कन कॉलेजला १९९० साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९३४ साली दाराला लागलेले कुलूप तसेच राहिले असते, तर तो मिळायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा नूतनीकरणाची निविदा काढण्याआधी संस्थाचालकांनी एवढे करावे: या इमारतीत उद्या कोण, काय शिकणार आहे, ते कागदावर लिहून काढावे. ते लिहिता येत नसेल, तर निविदा काढण्याची घाई करू नये.