रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' आलं म्हणजे कॅन्सर होणारच का?

स्तनाच्या किंवा बीजाशयाच्या कॅन्सरचं निदान झालं की बऱ्याच रुग्णांना 'बीआरसीए' तपासणी सांगितली जाते. रिपोर्टमध्ये 'व्हेरियंट' शब्द दिसला की घरचे घाबरतात. "डॉक्टर, आईचा रिपोर्ट असा आलाय, मी आताच ऑपरेशन करून घेऊ का?" असं मुली विचारतात.

व्हेरियंट म्हणजे काय?

जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती. बीआरसीए1 हे प्रथिन 1863 अमिनो आम्लांची साखळी असून पेशीतला तुटलेला डीएनए सांधायला मदत करतं. कृतीत फरक पडला की प्रथिन बदलतं, पण प्रत्येक बदल घातक नसतो. पाकिटावर 'कोल्हापूर'ऐवजी 'कोल्हापुर' लिहिलं तरी पत्र पोचतं. पत्ता अर्ध्यातच फाटला तर पोचत नाही. '185डेलएजी' या बदलात जनुकातली दोन अक्षरं गळतात आणि प्रथिन सुरुवातीलाच तुटतं. मग डीएनएची दुरुस्ती नीट होत नाही, चुका साठत जातात. बीआरसीए1 मध्ये असा घातक बदल असलेल्या स्त्रीला आयुष्यभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे 60 ते 70 टक्के असते.

रिपोर्ट कसा वाचायचा?

बदलांचे 5 वर्ग असतात: घातक, बहुधा घातक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. 'व्हीयूएस' म्हणजे मधला वर्ग. बहुतेकदा यात एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं आणि त्याचा परिणाम ठरवण्याइतकी माहिती अजून नसते. पुढे माहिती मिळाल्यावर यातले बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात.

तुम्ही काय करावं?

• केवळ व्हीयूएसवरून ऑपरेशनचा निर्णय घेऊ नका. त्यासाठी घरातल्या सगळ्यांची तपासणीही लागत नाही.
• घरात आणखी कुणाला कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. तुमच्या तपासण्या त्यावरून ठरतात.
• रिपोर्ट जपून ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी वर्ग बदलला का, ते विचारा.
• बदल 'घातक' असेल, तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता 50 टक्के असते. तो वडिलांकडूनही येतो, म्हणून मुलांनाही सल्ला हवा.

टाटा मेमोरियलच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक केंद्रात कॅन्सर जनुकीय सल्ला मिळतो.

रिपोर्ट काहीही असो, स्तनात गाठ लागली तर थांबू नका, लगेच दाखवा.