फूल हरले, सिंह जिंकला

2024 च्या उन्हाळ्यात सोलापूर लोकसभेला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे निवडून आल्या. नोव्हेंबरात त्याच मतदारसंघातल्या सहा विधानसभा जागांपैकी पाच भाजपने घेतल्या. उरलेली एक आपली मोहोळची. तिथे शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे राजू खरे आले. सहा महिन्यांत लोक फिरले, हा त्यावरचा सोपा निष्कर्ष. पण मे महिन्यात एक प्रश्न विचारला होता आणि नोव्हेंबरात दुसराच, हे त्यात हिशेबात धरलेले नसते. माणसाचे मत बदलणे वेगळे आणि त्याला विचारलेला प्रश्न बदलणे वेगळे. या दोहोंची गल्लत सर्वांत जास्त होते ती सार्वमताच्या बाबतीत, आणि आपल्या शेजारच्या गोव्याइतके याचे स्पष्ट उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

‘गोव्यात स्वातंत्र्यासाठी मतदान झाले होते’

नाही. 19 डिसेंबर 1961 ला गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटला आणि भारतात आला. त्यावर मतदान झाले नाही. मतदान झाले ते 16 जानेवारी 1967 ला, संसदेने त्यासाठी खास केलेल्या कायद्यानुसार. प्रश्न एवढाच होता: गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा? विलीनीकरणाची खूण होती फूल, वेगळे राहण्याची खूण दोन पाने. तिसरा पर्याय नव्हता. स्वतंत्र घटक राज्य हवे असणाऱ्यालाही दोन पानांवरच शिक्का मारावा लागला. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

‘भारतात असा कौल फक्त गोव्यातच झाला’

हेही खरे नाही. फेब्रुवारी 1948 मध्ये जुनागढमध्ये कौल घेतला गेला. पाकिस्तानच्या बाजूने अवघी 91 मते पडली. एप्रिल 1975 मध्ये सिक्कीममध्ये झाला. फरक असा की या दोन्ही ठिकाणी निकाल जवळजवळ एकतर्फी होता, गोव्यात खरी चुरस होती.

‘विलीनीकरण हरले, म्हणजे बांदोडकर हरले’

या गैरसमजाजवळ जरा थांबायला हवे. दयानंद बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगोप, विलीनीकरणाच्या मागणीवरच उभा राहिला आणि डिसेंबर 1963 ची पहिली निवडणूक जिंकून सत्तेत आला. म्हणून मुंबईपासून मोहोळपर्यंत सगळ्यांनी गृहीत धरले होते की कौल म्हणजे केवळ औपचारिकता. विरोधात होता जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. सत्तेत बसून कौल घेतला तर तो निष्पक्ष राहणार नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यामुळे बांदोडकरांच्या सरकारने डिसेंबर 1966 मध्ये राजीनामा दिला.

3 लाख 88 हजार मतदारांपैकी जवळपास 82 टक्के मतदानाला आले. दोन पानांना 1,72,191 मते पडली, फुलाला 1,38,170. फरक 34,021 चा. म्हणजे सतरा हजारांच्या आसपास माणसे इकडची तिकडे झाली असती, तर आज पणजीचा आमदार मुंबईच्या विधानभवनात बसला असता. (सात हजारांवर मते बाद झाली होती, ती धरूनच 54 आणि 43 टक्के हे आकडे येतात.)

आता पुढचे पाहा. दोनच महिन्यांनी, मार्च 1967 मध्ये, याच मतदारांनी विधानसभा निवडली. तीस जागांपैकी मगोपच्या सिंह या चिन्हाला 16 मिळाल्या, युनायटेड गोवन्सला 12. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

जानेवारीत ज्यांना नाकारले त्यांना मार्चमध्ये बसवले, तेव्हा गोवेकरांना पश्चात्ताप झाला असा अर्थ काही जण काढतात. मला तो पटत नाही. बहुजन समाजातल्या अनेकांना ‘भाऊ’, म्हणजे बांदोडकर, आपले सरकार म्हणून हवे होते, पण आपली विधानसभा सोडून मुंबईच्या सचिवालयाच्या पायऱ्या चढायच्या नव्हत्या. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदू शकतात. शिवाय जागा आणि मते यांचे गणितही निराळे आहे. कौलात सगळ्या गोव्याची मते एकत्र मोजली गेली. विधानसभेत तीस वेगवेगळ्या लढती होत्या. मगोपला 16 जागा मिळाल्या म्हणून अर्धा गोवा विलीनीकरणाकडे वळला, असे सिद्ध होत नाही.

‘ख्रिश्चनांनी विरोध केला, हिंदूंनी पाठिंबा दिला’

साधी बेरीज करून पाहावी. त्या काळी गोव्यात ख्रिश्चनांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही खाली होते. दोन पानांना मिळाली 54 टक्के. तेव्हा हजारो हिंदूंनीही वेगळे राहण्याच्या बाजूने मत दिले, हे उघड आहे. ‘राष्ट्रमत’ या दैनिकातून वेगळ्या गोव्याची बाजू लढवली गेली तीही मराठीत, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. आजही गोव्यात मराठीला राजभाषा करा म्हणणारे आहेत. ते सगळे विलीनीकरणवादी आहेत असे समजणे म्हणजे पुन्हा तीच गल्लत.

‘हरलेली बाजू पुढे संपते’

बाहेरच्या जगातला अनुभव गोव्यासारखाच आहे. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात मे 1980 मध्ये सार्वभौमत्वाची मागणी जवळपास साठ टक्के लोकांनी नाकारली. पुढच्याच वर्षी, ती मागणी करणारा पार्टी क्विबेक्वा हा पक्ष मोठ्या बहुमताने पुन्हा सत्तेत आला. स्कॉटलंडने सप्टेंबर 2014 मध्ये 55 टक्क्यांनी ब्रिटनमध्ये राहणे पसंत केले. आठ महिन्यांनी स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीने ब्रिटिश संसदेच्या तिथल्या 59 पैकी 56 जागा जिंकल्या. 2024 मध्ये हाच पक्ष नऊ जागांवर आला, तरी मतचाचण्यांत स्वातंत्र्याचा पाठिंबा निम्म्याच्या आसपासच राहिला. पक्ष चढतो आणि पडतो, मूळ प्रश्नावरचे मत त्यामानाने जागचे हलत नाही.

मग ते कधीच बदलत नाही का? बदलते, पण बऱ्याचदा माणसे बदलल्यामुळे. क्विबेकमध्ये 1995 ला पुन्हा कौल झाला आणि नकाराची आघाडी जेमतेम एका टक्क्यावर आली. मधल्या पंधरा वर्षांत काही मतदार वारले होते आणि तरुणांची नवी फळी यादीत आली होती. आधीच्यांपैकी काहींचे मन वळलेही असेल. ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याबाबतही तसेच. आज चाचण्यांत तो निर्णय चुकला म्हणणारे जास्त दिसतात, त्यात 2016 च्या सार्वमताच्या वेळी मतदानाचे वय नसलेल्यांचा वाटा मोठा आहे.

गोव्यात विलीनीकरणाचा प्रश्न पुन्हा मतपेटीत गेला नाही. मगोप 1979 पर्यंत सत्तेत राहिला, पण त्याच्या राजवटीतच ती मागणी मागे पडत गेली. 30 मे 1987 ला गोवा घटक राज्य झाले. फूलही नाही आणि दोन पानेही नाहीत. 1967 च्या मतपत्रिकेवर नसलेले उत्तरच शेवटी टिकले.

‘लोकांनी ठराव केला की सीमा बदलते’

हा गैरसमज आपल्या जिल्ह्यातला. 2022 च्या अखेरीस अक्कलकोट तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. त्यांची तक्रार रस्ते आणि पाण्याची होती. पुढे काहींनी ते ठराव मागेही घेतले. यालाही मत बदलणे म्हणायला जीभ रेटत नाही, कारण रस्ता मागणाऱ्याने राज्य मागितले होते. ग्रामपंचायतीच्या ठरावाने सीमा हलत नाही. राज्यघटनेच्या कलम 3 नुसार तो अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधानसभेचे म्हणणे फक्त मागवले जाते, लोकांना विचारण्याची अट नाही.

16 जानेवारी 1967 लाच दमण आणि दीवच्या लोकांनाही विचारले होते: गुजरातमध्ये जायचे की केंद्रशासित राहायचे? त्यांनी केंद्रशासित राहणे निवडले. 26 जानेवारी 2020 ला त्यांचा प्रदेश दादरा आणि नगर हवेलीला जोडून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. त्या वेळी संसदेचा कायदा पुरला, मतपेटी लागली नाही.